भारतनेट : केबल गावात आल्यानंतरचा प्रश्न

ग्रामपंचायतींपर्यंत वेगवान इंटरनेटची केबल नेणाऱ्या केंद्राच्या भारतनेट प्रकल्पाखाली २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती इंटरनेट सेवेसाठी सज्ज झाल्या आहेत, असे केंद्र सरकारची २०२५ मधील आकडेवारी सांगते. त्याच वर्षीच्या जानेवारीत राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्यातील एक उद्दिष्ट असे आहे की, ९५ टक्के वेळ चालू राहणारी ऑप्टिकल फायबरची (काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाने माहिती नेणाऱ्या केबलची) जोडणी असलेली गावे तेव्हा सुमारे ५० हजार होती, ती २०३० पर्यंत २ लाख ७० हजारांवर न्यायची. ही दोन्ही विधाने सरकारचीच आहेत, आणि ती एकाशेजारी एक ठेवून वाचली की या विषयातला सगळा पेच समोर येतो. ग्रामपंचायत आणि गाव ही एकके वेगळी आहेत हे खरे. पण देशात गावे सहा लाखांहून अधिक आणि ग्रामपंचायती अडीच लाखांच्या आसपास असल्यामुळे त्या फरकाने तफावत कमी होत नाही, उलट वाढतेच. केबल पोचलेली ठिकाणे पुष्कळ आहेत आणि केबल सातत्याने चालणारी ठिकाणे त्या मानाने फार थोडी आहेत.

मला या विषयाबद्दल जे म्हणायचे आहे ते एवढेच की, एवढ्या मोठ्या देशात वेगवान इंटरनेट पसरवण्याचे काम आपण गेली चौदा-पंधरा वर्षे मुख्यतः बांधकाम समजून केले. किती किलोमीटर चर खणला, केबलवरून गावाला इंटरनेट देणाऱ्या यंत्राच्या किती पेट्या बसवल्या, याची मोजदाद ठेवली. ती पेटी रोज चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, त्याला त्याचे पैसे मिळतात का, आणि ती बंद पडली तर कोणाला जाब विचारायचा, हे प्रश्न मागे राहिले. पैसा आणि तंत्रज्ञान या दोन्ही गोष्टी देशात होत्या, म्हणूनच ही उणीव मला अधिक खटकते.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या योजनेला मंजुरी दिली. सुमारे २० हजार कोटी रुपये खर्चून अडीच लाख ग्रामपंचायती प्रत्येकी १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेगाने जोडायच्या आणि हे काम सुमारे दोन वर्षांत संपवायचे, असा तो संकल्प होता. त्यासाठी २०१२ मध्ये ‘भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. राजस्थानातील अराईं, आंध्र प्रदेशातील परवाडा आणि त्रिपुरातील पानिसागर या तीन विकास गटांत पथदर्शी काम झाले. पैसा ज्या निधीतून येणार होता तो आपण सर्वच मोबाइलधारकांनी भरलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम २००२ पासून एका स्वतंत्र निधीत जमा होत आली; ग्रामीण आणि दुर्गम भागांत सेवा पोचवण्यासाठीच तो निधी आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार आता त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे झाले आहे.

खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मूळ आराखड्यात एक युक्ती केलेली होती. तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामीण भागाकडे जाणारी बीएसएनएलची फायबर केबल बऱ्याच ठिकाणी आधीपासून होती. ती केबल जिथपर्यंत गेली आहे तिथपर्यंत तीच वापरायची आणि तेथून ग्रामपंचायतीपर्यंतचा उरलेला भाग तेवढा नव्याने टाकायचा, असे ठरले. कागदावर हा विचार उत्तम होता. प्रत्यक्षात ही जुनी केबल अनेक मार्गांवर बरीच वर्षे जमिनीखाली राहिलेली, वारंवार तुटून वारंवार जोडलेली होती. फायबरमधून जाणारा प्रकाश अंतराबरोबर क्षीण होतो. चांगल्या केबलमध्ये हे नुकसान एका किलोमीटरमागे ०.२ ते ०.३५ डेसिबल इतके अल्प असते, पण प्रत्येक वाईट जोडावर आणि प्रत्येक मुरडलेल्या वळणावर ते वाढत जाते. तालुक्याच्या यंत्रातून निघालेला प्रकाश गावातल्या पेटीत पोचेपर्यंत इतका मंद व्हायचा की नवी केबल निर्दोष असूनही जोडणी टिकत नसे. शिवाय हे काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवर ग्रिड या तीन सार्वजनिक कंपन्यांत वाटलेले होते, केबल सर्वसाधारणपणे १.६५ मीटर खोल पुरायची होती, आणि रस्ते, वन, रेल्वे अशा प्रत्येक खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागत होती. सह्याद्रीच्या कातळात किंवा कोकणच्या जांभ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास चर खणणे म्हणजे काय, हे ज्याने साधी पाण्याची पाइपलाइन टाकली आहे त्यालाही समजेल.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी हे काम स्वतःकडे घेतले, त्यांत महाराष्ट्रही होता. आपल्याकडे ते ‘महाआयटी’ या राज्याच्या महामंडळामार्फत ‘महानेट’ या नावाने झाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सहा लाख गावे एक हजार दिवसांत जोडण्याची घोषणा झाली. जून २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीची योजना मंजूर झाली. खर्च आणि उत्पन्न यांतली तूट भरून काढण्यासाठी सरकार १९,०४१ कोटी रुपये देणार होते, पण निविदांना प्रतिसादच मिळाला नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. मूळ अंदाजाच्या जवळपास सातपट असलेल्या या रकमेत दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरलेला आहे. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल तोच आहे.

देखभाल म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या पाटण तालुक्यात रस्ता रुंदीकरणाचे काम चालू असताना जेसीबीच्या बकेटने केबल तोडली होती, तेव्हा ती जोडणाऱ्या जॉइंटरच्या शेजारी मला बराच वेळ उभे राहता आले. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या फळीवर त्याने स्वच्छ फडके अंथरले होते आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा केला होता, कारण धुळीचा एक कणही जोड बिघडवायला पुरतो. केबलचे काळे आवरण सोलल्यावर आत रंगीत नळ्या, आणि त्या नळ्यांत निळा, केशरी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने रंगवलेले चोवीस तंतू होते. एकेक तंतू घ्यायचा, त्यावरचा रंगीत थर सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, धारदार क्लीव्हरने त्याचे टोक काटकोनात तोडायचे आणि यंत्राच्या खाचेत ठेवायचे. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन्ही टोके एकमेकांजवळ सरकताना दिसतात. मग विजेची एक बारीक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. पडद्यावर जोडातल्या नुकसानीचा ०.०२ डेसिबल असा आकडा आला की तो मान हलवायचा, ०.१ च्या पुढे गेला की तोच जोड पुन्हा तोडून नव्याने करायचा. प्रत्येक जोडावर आकसणारी बारीक नळी चढवायची, ती तापवायची, तंतू तबकडीत अलगद गुंडाळून ठेवायचा, आणि पुढचा रंग घ्यायचा.

मी त्याला विचारले की, या कामाला एकूण किती वेळ लागतो. तो म्हणाला, “जॉइंट मारायला काय, दुपारपातूर हुतंय साहेब. कट कुठं हाय ते सापडंस्तवर दोन-दोन दिस जात्यात.” त्याचे हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. तुटलेली जागा शोधण्यासाठी ओटीडीआर नावाचे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर सांगते. हे अंतर केबलच्या लांबीने मोजलेले असते. केबल मात्र प्रत्येक चेंबरमध्ये राखीव वेटोळी घेऊन, पुलाखालून वळसे घालून, कधी रस्त्याच्या डाव्या आणि कधी उजव्या अंगाने गेलेली असते. टाकताना तिचा नेमका मार्ग नकाशावर उतरवला गेला नसेल, किंवा मार्गदर्शक दगड रुंदीकरणात उखडले गेले असतील, तर यंत्राने अचूक आकडा सांगूनही माणसाला अंदाजाने खड्डे घेत फिरावे लागते. खोदकाम करण्यापूर्वी केबलच्या मालकाला कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. रस्त्याच्या प्रत्येक ठेकेदाराच्या करारात त्याचा वापर सक्तीचा व्हावा आणि केबल तोडल्यास दंड त्याच्या बिलातून वळता व्हावा, असे मला ठामपणे वाटते. ग्रामीण भागात फायबर तुटण्याचे मोठे कारण आपणच करत असलेली विकासकामे आहेत: एक खाते रस्ता करते, दुसरे पाण्याची पाइपलाइन टाकते, आणि दोघांच्या मध्ये तिसऱ्याची केबल तुटते.

मूळ भारतनेटची रचना एका सरळ रेषेसारखी होती. तालुक्यापासून निघालेली केबल एकामागून एक गावांना जोडत शेवटच्या गावात संपायची. अशा रचनेत मध्ये कुठेही केबल तुटली की त्यापुढची सर्व गावे एकाच वेळी अंधारात जातात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि खाली उतरायला दुसरा रस्ता नसला की वरच्या गावांचे जे होते, तेच हे. सुधारित कार्यक्रमात ही रचना वर्तुळाकार करायची आहे, म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन बाजूंनी केबल येईल आणि एक बाजू तुटली तरी माहितीची वाहतूक दुसऱ्या बाजूने वळेल. २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती अशा वर्तुळात आणणे आणि उरलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडणी देणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. वर्तुळ पूर्ण करायला केबल बरीच जास्त लागते, डोंगराळ तालुक्यात तर पलीकडच्या खोऱ्यातून ती आणावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. तो खर्च योग्यच आहे. दुरुस्तीला दोन दिवस लागले तरी त्या दोन दिवसांत गाव बंद पडू नये, याला दुसरा मार्ग नाही.

आता एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, घरोघरी स्मार्टफोन आले, गावातली मुले मोबाइलवर सर्व काही पाहतात. मग एवढा खर्च करून जमिनीतून केबल कशाला, असा तो आक्षेप आहे. देशातील ब्रॉडबँड जोडण्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जोडण्या मोबाइलच्या आहेत, हे खरेच आहे. मात्र मोबाइल टॉवरला स्वतःला इंटरनेट कुठून तरी आणावे लागते. देशातील निम्म्याहून कमी टॉवर फायबरने जोडलेले आहेत. बाकीचे टॉवर मायक्रोवेव्हच्या बिनतारी तबकड्यांनी एकमेकांकडून वाहतूक उचलतात. चार-पाच टॉवरांची ही साखळी संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान कशी तुंबते, हे कोणत्याही खेड्यात अनुभवता येते. फोनवर रेंजच्या सर्व दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. टॉवर गावातल्या फायबरवर घेतला तर मोबाइलचा वेगही सुधारतो. या दोन गोष्टींना एकमेकींचे पर्याय मानणे हेच मुळात चुकीचे आहे.

दुसरे असे की, सरकारने स्वतःचे गावपातळीवरचे कामकाज गेल्या काही वर्षांत फार वेगाने इंटरनेटवर नेले आहे. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही. रोजगार हमीच्या सामूहिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, छायाचित्रासह दिवसातून दोनदा चढवणे बंधनकारक झाले. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजने पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरावी लागतात. शेतकऱ्याला २०२१ पासून ई-पीक पाहणी करावी लागते आणि तिच्यावर पीकविमा व नुकसानभरपाई अवलंबून असते. या सर्व कामांत माहिती गावातून वर पाठवायची असते, आणि दुर्गम भागातल्या मोबाइल जाळ्याची सर्वांत मोठी अडचण नेमकी तिथेच असते. मेळघाटात आणि नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा भागात दुकानदाराने यंत्र घेऊन रेंज मिळेल त्या उंचवट्यावर जाऊन बसायचे आणि लोकांनी अंगठा द्यायला तिथवर चालत जायचे, असे प्रसंग घडत आले आहेत. हक्काचे धान्य आणि हक्काची मजुरी ज्या जाळ्यावर अवलंबून ठेवली, ते जाळे चालू ठेवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कांचा भाग असल्याचे म्हटले होते. त्यानंतर सहाच महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि कोकणात डोंगरावर झोपड्या बांधून मुले ऑनलाइन तासांना बसली. तेव्हा त्या निकालाचा अर्थ आपल्याला घराघरात कळला.

महाराष्ट्राच्या अनुभवातले एक जुने उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि साखर कारखाना चालवणारा वारणा सहकारी समूह यांनी मिळून तो उभा केला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. त्या काळी गावातल्या केंद्रात संगणक असणे ही अपूर्वाई होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असे कितीतरी उपयोग योजलेले होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले, तेव्हा ही केंद्रे प्रामुख्याने एका कामासाठी वापरात होती: शेतकऱ्याच्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, खात्यावर काय जमा झाले, हे कारखान्याच्या यंत्रणेतून गावात कळवणे. हे काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने अधिक स्वस्तात होईल असे त्यांना दिसले, आणि काही गावांत त्यांनी ते करूनही दाखवले.

या उदाहरणावरून गावाला वेगवान इंटरनेटची गरजच नसते, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यातून वेगळे काही घेतो. बाकीचे सर्व उपयोग सुकून गेले असता ऊस वजनाचा उपयोग का टिकला, हा खरा प्रश्न आहे. तो टिकला कारण त्याच्या मागे रोज उघडणारी संस्था होती, पगार घेणारा माणूस होता, आणि माहिती अडली तर दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारात येऊन विचारणारा सभासद शेतकरी होता. ज्या सेवेच्या बंद पडण्याने कोणाचे तरी रोजचे काम अडते आणि ज्या सेवेचा धनी गावातच भेटतो, तीच सेवा गावात तग धरते. भारतनेटची पेटी ग्रामपंचायत कार्यालयात आली तेव्हा तिला असा धनी मिळाला नाही.

ही पेटी साधारणपणे एका बंद कपाटात असते. सोबत बॅटरी असते आणि काही ठिकाणी छतावर सौर पॅनेल असते. खोलीची किल्ली एकाकडे, कपाटाची दुसऱ्याकडे. ग्रामसेवकाकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असल्याने कार्यालय रोज उघडेलच असे नाही. वीज गेली की बॅटरी काही तास टिकते, बॅटरी जुनी झाली की तेवढेही नाही, आणि ती बदलण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे पंचायतीला माहीत नसते. मी पाहिलेल्या एका कार्यालयात पेटीवरचा दिवा लाल होता, आणि समोरच्या टेबलावर संगणक परिचालक स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दाखले काढत होता. त्याला दरमहा मिळणारे मानधन तुटपुंजे, तेही कित्येकदा उशिरा. त्यातून तो शासनाच्या कामासाठी स्वतःचा डेटा खर्च करत होता. तक्रार केली का, असे विचारल्यावर त्याने वहीत लिहून ठेवलेले तक्रार क्रमांक दाखवले. प्रत्येक क्रमांकापुढे ‘निकाली’ असा संदेश आल्याची तारीखही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती, आणि दिवा तेव्हाही लालच होता.

ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर हा आणखी एक कच्चा दुवा आहे. तिथे मला गावोगावच्या केबलवाल्यांचे महत्त्व फार वाटते. दूरचित्रवाणीची केबल घरोघर नेणारा हा माणूस प्रत्येक गल्ली ओळखतो, खांबावर चढतो, महिन्याचे पैसे घरी जाऊन गोळा करतो, आणि सेवा बंद पडली तर लोक त्याला रात्री नऊ वाजताही फोन करतात. भारतनेटवरून घरगुती जोडण्या देण्यासाठी ‘भारतनेट उद्यमी’ नावाने स्थानिक व्यावसायिकांना सामील करून घेण्याचे धोरण अलीकडे आले, त्यात उत्पन्नाचा निम्मा वाटा त्यांना मिळतो. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरे जोडण्याचे सुधारित कार्यक्रमाचे उद्दिष्ट गाठायचे असेल, तर ते याच माणसांच्या जोरावर गाठले जाईल. वरच्या पातळीवरची केबल तुटल्यामुळे अशा केबलवाल्याचे ग्राहक चार वेळा बंद पडले तर तो या व्यवसायातून उठेल, आणि मग त्या गावात पुन्हा उभे राहायला दुसरा कोणी लवकर तयार होणार नाही.

केबल खांबावरून न्यावी की जमिनीखालून, हा वादही प्रदेशागणिक वेगळा सोडवावा लागतो. आंध्र प्रदेशाने विजेच्या खांबांवरून फायबर नेऊन डिसेंबर २०१७ मध्ये महिना १४९ रुपयांपासून फोन, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट एकत्र द्यायला सुरुवात केली. केरळनेही जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या के-फॉन या राज्याच्या फायबर जाळ्यासाठी वीज मंडळाचे खांब वापरले. खांबावरची केबल झपाट्याने टाकता येते, तुटलेली दिसते आणि लवकर जोडता येते. मराठवाड्यात, विदर्भाच्या सपाट भागात मी निःशंकपणे तोच मार्ग सुचवीन. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण ठेवावी लागते. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड परिसरात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे वीज व फोनविना राहिली. ज्या वेळी संपर्काची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी तो तुटू नये, यासाठी किनारपट्टीवर मुख्य केबल जमिनीखालूनच न्यावी आणि तिचा जास्तीचा खर्च आपत्ती निवारणाचा खर्च समजून करावा.

जिथे केबल नेणे अशक्यप्राय आहे अशा ठिकाणांसाठी भारतनेटने काही हजार ग्रामपंचायती उपग्रहाने जोडल्या आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांसाठी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले. भामरागडच्या किंवा तोरणमाळच्या पाड्यांवर आकाशातून सेवा आली तर तिचे स्वागतच आहे. तरीही अवघड ठिकाणी केबल नेता येतच नाही, असा समज करून घेऊ नये. बंगालच्या उपसागरातून २,३१२ किलोमीटरची केबल चेन्नईहून अंदमानला नेण्यात आली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली. कोचीहून लक्षद्वीपच्या बेटांना १,८६८ किलोमीटरची केबल जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. समुद्राच्या तळातून जाता येते, तर धडगावच्या घाटातून जाता येणार नाही, असे मला वाटत नाही. तिथे अडचण मुख्यतः लोकसंख्या कमी असल्याने उत्पन्न कमी असण्याची आहे, आणि सार्वजनिक निधी त्यासाठीच तर गोळा केला जातो.

सुधारित कार्यक्रमाचे ठेके देताना आराखडा, बांधणी आणि दहा वर्षांची देखभाल एकाच ठेकेदाराकडे सोपवलेली आहे. बांधून मोकळे होण्याची सोय त्यात राहिलेली नाही, हे चांगले झाले. आता गरज आहे ती प्रत्येक ग्रामपंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती, हे लोकांपुढे मांडण्याची. ९५ टक्के म्हणजे ७२० तासांच्या महिन्यात ३६ तास बंद. तेवढी सवलत देऊनही किती गावे उत्तीर्ण होतात, हे सर्वांना दिसले पाहिजे. वीज वितरण कंपन्यांना पुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला याचे निर्देशांक नियामक आयोगाला द्यावे लागतात. भारतनेटच्या नियंत्रण केंद्राला प्रत्येक पेटी चालू आहे की बंद आहे हे तिथल्या तिथे कळते, म्हणजे माहिती जमवण्याचा नवा खर्चही नाही. जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की गेल्या महिन्याचे तास दिसावेत, आणि ठेकेदाराचे देयक त्याच आकड्यावरून ठरावे.

तोपर्यंत गावाच्या हातात ग्रामसभा आहे. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मी असा ठराव मांडणार आहे की, पंचायत कार्यालयात जोडणीची एक नोंदवही ठेवावी. तीत बंद पडल्याची तारीख आणि वेळ, वीज होती की नव्हती, तक्रार क्रमांक, पुन्हा सुरू झाल्याची वेळ आणि संगणक परिचालकाची सही असे रकाने असावेत. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्या पानाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी. शेजारच्या दोन गावांच्या सरपंचांशी बोलणे झाले आहे, त्यांनीही हाच नमुना मागून घेतला आहे.